हॉर्नजवळची जागा

लेक पहिलीत जाणार म्हणून मी ऑफिसात तीन दिवसांची रजा टाकली, तेव्हा साहेबांनी कारण विचारलं.

"मुलगी रडेल," मी म्हणालो.

"मग?"

"मग मी लागेन ना तिथं."

साहेबांना तीन मुलं आहेत. त्यांनी मुकाट्यानं सही केली. सही करताना त्यांनी माझ्याकडं एकदा चष्म्यावरून पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळायला पुढं बरेच दिवस जावे लागले.

खरं सांगायचं तर मी त्या रडण्याची वाटच बघत होतो. पोरगी बापवेडी आहे, हे आमच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनपासून सगळ्यांना माहीत होतं, कारण मीच ते सगळ्यांना सांगितलं होतं. बालवाडी आमच्याच गल्लीच्या टोकाला होती. तिथं मी तिला हात धरून सोडायचो आणि ऑफिसातून मधल्या सुट्टीत पळून येऊन परत आणायचो. आता मोठी शाळा. आमचं जुळे सोलापूर मागं टाकून, आसरा चौकातून पार शहरात. गेटवर ती माझा पाय धरणार, मी गुडघ्यावर बसणार, तिचे डोळे पुसणार आणि एक छोटंसं भाषण करणार, असं सगळं ठरलेलं होतं. ते भाषण मी दाढी करताना आरशासमोर बसवलं होतं. त्यात 'बाळा' हा शब्द चार वेळा यायचा. खिशात रुमालही दोन ठेवले होते, एक तिच्यासाठी आणि एक माझ्यासाठी.

आमच्याकडं रडण्याची परंपराच आहे. आदल्या दिवशी गावाहून, करमाळ्याजवळून, आईचा फोन आला.

"तू म्हैनाभर रडला हुतास. मास्तर तुला काखंत मारून फळ्यावर लिवायचे. पोरगी तुज्यावर गेली आसंल तर तिलाबी धरूनच बसावं लागंल बग."

"व्हय आई," मी छाती फुगवून म्हणालो, "माझ्यावरच गेलीय."

शाळेसाठी रिक्षा बायकोनं ठरवली होती. रिक्षावाले चाचा साठीच्या आसपासचे. मेंदी लावलेली दाढी, खाकी शर्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आमच्या कॉलनीतल्या काही आयांना त्यांनीच लहानपणी शाळेत सोडलं होतं आणि आता त्यांच्या पोरांना सोडत होते. रिक्षाच्या दोन्ही अंगांना आकडे, आकड्यांना दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या लटकलेल्या. मधल्या सीटवर मोठी मुलं. सीटच्या मागच्या कप्प्यात एक फळी टाकलेली आणि बाहेरून लोखंडी जाळी. तिथं दोघं-तिघं मागच्या रस्त्याकडं तोंड करून बसायची. आणि पुढं, चाचांच्या शेजारी, हॉर्नच्या जवळ, एक टीचभर जागा.

पहिल्या दिवशी आम्ही कोपऱ्यावर उभे. मी तिचा हात घट्ट धरलेला. मला वाटत होतं की तिनं माझा धरलाय. रिक्षा थांबली.

"आओ बेटी," चाचा म्हणाले. "हितं बस. माज्या बाजूला."

आणि लेक बसली. पाय नाही धरला, शर्ट नाही ओढला. दप्तर आकड्याला अडकवायला दिलं आणि सरळ पुढं बघत बसली. माझा हात हवेत तसाच. रिक्षा निघाली तेव्हा मी ओरडलो, "बाळा, मी मागून येतोच हं!" तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. रिक्षा वळणाआड गेली आणि पलीकडून हॉर्न वाजला. तीनदा, तुटक तुटक. मोठ्या माणसानं वाजवलेला हॉर्न असा नसतो.

म्हणजे बाईसाहेब मजेत होत्या तर.

मी मागून जाणार होतो खरा, पण गाडीची किल्ली चौथ्या मजल्यावर राहिली होती आणि लिफ्ट बंद होती. दोन रुमाल, चार 'बाळा' आणि एक बाप असे आम्ही धापा टाकत शाळेच्या गेटवर पोचलो तेव्हा ती केव्हाच आत गेली होती. गेटवर नुसता आकांत. कॉलनीतल्या पुढच्या गल्लीतला एक गृहस्थ, जो आपल्या मुलाला मोटरसायकलवरून स्वतः घेऊन आला होता, त्याची तर दैना उडाली होती. मुलगा त्याच्या छातीला असा चिकटलेला की बाईंनी ओढल्यावर शर्टाचं वरचं बटण तुटून फरशीवर टणटण उड्या मारत गेलं.

"बघा हो," तो कळवळून मला म्हणाला, "कसं सोडून जायचं याला?"

मी मान हलवली, पण माझं लक्ष त्या बटणाकडं होतं. काय बटण होतं! आमच्या शर्टाची सातच्या सात बटणं जागच्या जागी, इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही. त्या माणसाचा मला इतका हेवा वाटला की दिवसभर जेवण गोड लागलं नाही. उरलेली दोन दिवसांची रजा मी पंख्याखाली पडून काढली.

बटणाचं दुःख मी विसरलो असतो. पण नंतर घरात चाचा शिरले.

म्हणजे ते स्वतः कधी आले नाहीत. ते लेकीच्या तोंडून आले. जेवायला बसलं की, चाचा म्हणतो पोळी अशी दुमडायची, म्हणजे शेंगाचटणी सांडत नाही. चाचा म्हणतो बाटलीचं झाकण पोटाला लावून उघडायचं. मी विचारलं, "अजून भात घेणार?" तर उत्तर आलं, "नक्को." दूध प्यालीस का? "हौ." सहा वर्षं मी तिच्या तोंडी मराठी घातली होती, ती आठ दिवसांत रिक्षातून उतरून गेली.

कहर आकड्यांचा झाला. एप्रिल-मे, भर उन्हाळ्यात, पंख्याखाली चिंचोके मांडून मी तिला एक ते दहा शिकवत होतो. तिचा एक उभा राहायचा नाही, दोन आडवा पडायचा. आणि एका संध्याकाळी तिनं पाटीवर काढलं तेरा. ठसठशीत तेरा.

"हे कुणी शिकवलं?"

"चाचानं. सगळ्या गाड्यांवर असतं. एमएच तेरा."

एक यायच्या आधी पोरीला तेरा आला. बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"काय झालं हसायला?" मी विचारलं.

"काही नाही. अहो, तुम्हांला सवत आली की."

मला ते अजिबात आवडलं नाही. खरं होतं म्हणून जास्तच आवडलं नाही.

मग मी पाळत ठेवायला सुरुवात केली. ऑफिसला अर्धा तास आधी निघायचं, हेल्मेटखाली तोंडाला रुमाल बांधायचा (त्या दोघांपैकी एक, कोरा करकरीत) आणि रिक्षाच्या मागं चार गाड्या सोडून गाडी ठेवायची. चाचा जोरात चालवतात का, सिग्नल तोडतात का, तंबाखू खातात का, काहीतरी सापडेलच की. चार दिवस गेलो. माणूस बैलगाडी हाकावी तशी रिक्षा हाकत होता. खड्डा आला की आधी पोरांना सांगायचा आणि सगळी रिक्षा एका सुरात "हुईईई" करायची. मी एकटा मागून, रुमालाच्या आत दात-ओठ खात, त्याच खड्ड्यातून जायचो.

पाचव्या दिवशी आसरा चौकात सिग्नलला अंदाज चुकला आणि मी थेट रिक्षाच्या शेजारी जाऊन थांबलो. मधल्या सीटवरून एक पोरगी किंचाळली, "ए, तुझे बाबा बघ! तोंड बांधून आलेत!"

लेकीनं माझ्याकडं पाहिलं, जराही दचकली नाही आणि सगळ्या रिक्षाला समजावून सांगितलं, "ते रोज येतात. त्यांना रडू येतं ना, म्हणून."

शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. टेम्पोवाल्यानं पाहिलं. चाचांनी मान बाहेर काढली आणि अगदी मायेनं म्हणाले, "चालतंय सायेब. लाजू नका. दरसाली एक-दोन बाप येतेच मागं."

एक-दोन बाप! मी म्हणजे दर जूनला येणाऱ्या आजारातला एक पेशंट. त्या दिवशी ऑफिसात मी तीन पत्रांवर चुकीचे जावक क्रमांक टाकले आणि दुपारपर्यंत माझ्या डोक्यात एक कल्पना शिजली. ती सुरक्षिततेची कल्पना होती. मत्सर माझ्याकडं नेहमी नियमांचं पुस्तक काखेत घेऊन येतो.

संध्याकाळी कोपऱ्यावर चाचांना गाठलं. लेक वर गेली होती. ते फडक्यानं काच पुसत होते.

"चाचा, लहान मुलाला पुढं बसवणं नियमात बसत नाही."

"बरोबर हाय सायेब."

"काही झालं म्हणजे?"

"बरोबर हाय." त्यांनी फडकं पिळलं. "चार-आठ दिवस राहू द्या की. मग मीच मागं बसवतो तिला."

"नको. उद्यापासून."

चाचा माझ्याकडं बघत राहिले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं होतं तसंच. "तुमी म्हणता तसं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या कप्प्यात बसली. फळीवर, जाळीच्या आत. रिक्षा निघाली तेव्हा तिचं तोंड माझ्याकडं होतं, पण ती माझ्याकडं बघत नव्हती. मांडीवरच्या हातांकडं बघत होती. मी मात्र रुबाबात हात हलवला. त्या रात्री जेवताना 'चाचा म्हणतो' एकदाही आलं नाही. मी दोनदा भात घेतला.

दोन दिवस ती तशी मागं बसून गेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं.

कुठं दुखतंय विचारलं तर कधी बेंबीवर बोट, कधी गुडघ्यावर. गणवेश घालायला घेतला तर तिनं पलंगाचा पाय धरला आणि भोकाड पसरलं. ज्याची मी एप्रिलपासून वाट बघत होतो ते रडणं आलं होतं. फक्त माझा पाय धरण्याऐवजी पलंगाचा धरलेला. तरी मी संधी सोडली नाही. गुडघ्यावर बसलो, रुमाल काढला.

"बाळा, शाळा म्हणजे ना बाळा—"

"चाचानं मला मागं टाकलं," ती हुंदके देत म्हणाली. "मी काय केलं?"

भाषण तिथंच संपलं. उरलेले दोन 'बाळा' अजून माझ्याकडं शिल्लक आहेत.

"मी हॉर्न जास्त वाजवला का? त्यानं सांगितलं तेवढाच वाजवत होते. मग का टाकलं?"

पोरगी दोन दिवस आपला गुन्हा शोधत बसली होती. आणि गुन्हेगार हातात रुमाल घेऊन समोर बसला होता. बायको दारात उभी होती. तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं, पण बारा वर्षांच्या संसारात माझा चेहरा तिला वाचता येतो.

"आता बोला," ती म्हणाली.

मी रुमालाची घडी घातली. लेक घरी राहिली आणि मी ऑफिसला गेलो. पण शाळा सुटायच्या वेळी रस्ता आपोआप तिकडं वळला. चाचा शाळेबाहेर लिंबाच्या सावलीत रिक्षा लावून बसले होते.

"आज बेटी नाही आली," ते म्हणाले.

"पोटात दुखतंय."

"हौ. दुखंल की."

मी गाडी स्टँडला लावली. "चाचा, तिला परत पुढं बसवा. नियम राहू द्या."

"आता नाही होत सायेब. उद्यापासून तितं दुसरं पोरगं येतंय. तुमच्याच पुढच्या गल्लीतलं. बापानं इतके दिवस स्वतः सोडलं, आता हात टेकले. लई रडतंय म्हणे, शर्टाची सगळी बटनं तोडली." ते हसले. "ती जागा एकच हाय. रडणाऱ्याची."

"आमची कुठं रडत होती? पहिल्या दिवसापासून हसत गेली."

चाचांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. दोरा कानामागं नीट बसवला.

"तुमी दिसत होता तवर नाही रडली. वळलो आणि जे सुरू झाली! म्हणून हॉर्न दिला हातात. हॉर्न वाजवताना रडता येत नाही पोरांना, दोन्ही कामं एकदम होत नाहीत. आठ दिवस रोज वळण आलं की रडू, आणि रोज हॉर्न. मला म्हणाली, बाबांना नको सांगू. त्यांना लगेच रडू येतं. मी सांगणार नव्हतो. पण आता तुमीच म्हणता, हसत गेली."

मी लिंबाच्या झाडाकडं बघत राहिलो. झाडावर बघण्यासारखं काही नव्हतं. पण डोळे वर ठेवणं गरजेचं होतं.

"तिला वाटतंय तुम्हीच तिला मागं टाकलं," मी म्हणालो.

"मग? मी काय सांगू, तुज्या बाबानं सांगितलं म्हणून? बापाचं नाव कशाला खराब करू?"

मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आलो तेव्हा लेक गॅलरीत बसून चिंचोक्यांची रिक्षा मांडत होती. पुढं एक चिंचोका, मधे चार, मागं एक. मी शेजारी बसलो.

"तुला चाचानं मागं नाही बसवलं. मी सांगितलं त्यांना."

तिनं मागचा चिंचोका उचलला. "तू? का?"

"मला राग आला होता."

"माझा?"

"नाही. चाचांचा. तू सारखी त्यांचंच सांगतेस ना, म्हणून."

तिनं विचार केला. "मग तूच बसायचं होतं पुढं."

"मी मावत नाही तिथं."

हे तिला पटलं. तिनं चिंचोका परत मागं ठेवला. मग हळूच, दुसरीकडं बघत म्हणाली, "मी वळणावर रडायचे."

"माहीत आहे मला."

तिची मान झटकन वळली. डोळे मोठे झाले. "चाचानं सांगितलं?"

आणि वाचकहो, इथं मी जरा थांबलो. कारण माझ्या हातात हत्यार आलं होतं. नुसतं 'हौ' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पोरीनं शपथेवर सांगितलेलं गुपित फोडणारा म्हातारा एका क्षणात माझ्याहून खाली आला असता; 'चाचा म्हणतो' कायमचं बंद. मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. जीभ दातांना टेकली होती. पण त्या माणसानं दोन दिवस माझं पाप आपल्या डोक्यावर घेऊन रिक्षा चालवली होती, आणि पोटदुखी ऐकून नुसतं 'दुखंल की' म्हटलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "हॉर्नवरून कळलं. वळणापलीकडून तीनदा वाजायचा ना."

तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. मग तिला एकदम बरं वाटलं असावं, कारण तिनं विचारलं, "पोहे आहेत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर आम्ही गेलो तर तो बटणवाला गृहस्थ मुलाला कडेवर घेऊन आधीच हजर. मुलाचं नाक लाल, बापाचं त्याहून लाल. शर्टाच्या जागी आज टी-शर्ट होता. माणूस शिकला होता. रिक्षा आली. चाचांनी दोन्ही हात पुढं करून त्या रडणाऱ्या गाठोड्याला अलगद घेतलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

"बेटी, तू मागं," चाचा माझ्या लेकीला म्हणाले. "आता तू पक्की झाली. मागची रखवाली तुज्याकडं."

ती गुपचूप जाऊन जाळीच्या आत बसली. मी जवळ जाऊन म्हणालो, "मी येऊ का मागून?"

"नको," ती म्हणाली. 'नक्को' नाही, 'नको.' माझ्यासारख्याला तेवढंही पुरतं.

रिक्षा निघाली. पुढून मुलाचं रडणं ऐकू येत होतं, वळणाशी ते थोडं वाढलं आणि मग हॉर्न. तीनदा, तुटक तुटक.

बटणवाला माझ्या शेजारी हात लटकावून उभा होता. "वाजवतोय की हो तो," तो पडेल आवाजात म्हणाला. "वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं. तीन आठवडे मी रोज..."

"उद्या मागून जा," मी म्हणालो. "तोंडाला रुमाल बांधून. आठवडाभर चालतं ते." आणि खिशातला दुसरा, न वापरलेला रुमाल मी त्याला देऊन टाकला.

हॉर्न वाजला तेव्हा माझं लक्ष मात्र वळणाकडं होतं. रिक्षा आडवी होऊन दिसेनाशी होत होती. आता लेक पाठीमागं तोंड करून बसत होती. म्हणजे आज तरी वळणापर्यंत तिचं तोंड माझ्याकडं असायला हवं होतं. मी हात वर केला. पण तिला माझ्याकडं बघायला फुरसत कुठं होती? फळीवर गुडघे टेकून, मान पार उलटी वळवून, मधल्या पोरांच्या डोक्यांवरून ती पुढं बघत होती. त्या नव्या पोराला चाचा हॉर्न किती वेळा वाजवू देतो, हे मोजत होती. ओठ आवळलेले, भुवया एकत्र, नाकपुड्या फुगलेल्या.

तो चेहरा मी आरशात पाहिलेला आहे. संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं, "व्हय आई, माझ्यावरच गेलीय."